गाडी नवी, वायरिंग जुने

मुलाने गेल्या दिवाळीत इलेक्ट्रिक गाडी घेतली. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी चार्जर बसवला आणि पहिल्याच रात्री लाल दिवा लागून तो बंद पडला. दोष गाडीचा नव्हता, चार्जरचाही नव्हता. घराला धड अर्थिंगच नव्हते. "न्यूट्रल अर्थला जोडून देतो, दिवा जाईल," असे एक कारागीर म्हणाला. हे कदापि करू देऊ नका. मागे न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यात वीज उतरते.

जानेवारी २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करण्याची मुभा दिली. फेब्रुवारी २०२४च्या नियमांनी हवी असल्यास स्वतंत्र जोडणीचीही सोय केली. धोरण पुढे गेले, पण आपल्यापैकी अनेकांच्या भिंतींतल्या तारा दोन पिढ्यांपूर्वीच्या आहेत. ७.४ किलोवॅटचा चार्जर ३२ अँपियर ओढतो, तोही तासन्‌तास.

बँकेत कर्ज देण्याआधी आम्ही तारण तपासायचो. तसे चार्जर घेण्याआधी घर तपासा: मंजूर लोड, तारेची जाडी, अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी. आम्ही नवे अर्थिंग करून घेतले. आता चार्जरही चालतो आणि रात्री झोपही लागते.