‘सर, हाताने काढलीय!’

फर्स्ट इयरला ज्याने एकदाही जीटी मारली नाही असा इंजिनीअर मला दाखवा! खाली बल्ब, वर काच, काचेवर मित्राची शीट आणि तिच्यावर आपला कोरा कागद. रात्रभर मान मोडेस्तोवर रेषा ओढायच्या आणि सकाळी सांगायचं, ‘सर, हाताने काढलीय.’ तसं खोटं काहीच नसतं. हात आपलाच असतो!

हे आठवायचं कारण माझी आमगावची आत्या. ती मातीच्या मटक्या रंगवते, त्यांवर चित्र चिकटवून भोवती मोती, आरसे, टिकल्या लावते. दिवाळीआधी घरभर फेविकॉलचा वास. गेल्या दिवाळीला एका दुकानदाराने चाळीस मटक्या सांगितल्या, वीस लक्ष्मीच्या आणि वीस छोटा भीमच्या. नेटवरून प्रिंट काढून नेणारा अर्थात मीच. चित्रं कापता कापता आत्या म्हणाली, ‘‘दुसऱ्याचं चित्र लावून इकतो आपण. हे चोरी तं नाही ना गा, बाबू?’’

मी ऐटीत म्हणालो, ‘‘नेटवर आहे म्हणजे फुकटच असते आत्या. आन् तू तं हातानं करते!’’

होस्टेलवर आलो तरी तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी १९५७चा कॉपीराइट कायदा वाचायला घेतला (सबमिशन सोडून! असो). माझी दोन्ही उत्तरं चूक निघाली. चित्र सगळ्यांना दिसतं म्हणून त्यावरची मालकी सुटत नाही. आणि हातकामाला वेगळी माफी नाही; सपाट चित्रावरून बाहुली घडवली तरी ती नक्कलच धरतात. छोटा भीम २००८ सालचा. त्याची मालक कंपनी हैदराबादेत व्यवस्थित नांदते आहे.

मग लक्ष्मीचं काय? इथे गंमत आहे. आपल्याकडे चित्रकार गेल्यावर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. तोवर हक्क वारसांचा किंवा ज्याने विकत घेतला त्याचा. नंतर चित्र सगळ्यांचं. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, म्हणजे त्यांची लक्ष्मी केव्हाच मोकळी झाली. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांची चित्रं २००५ पासून आपली. पण दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले आणि रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये. त्यांची चित्रं अनुक्रमे २०३१ आणि २०३६ संपेपर्यंत मोकळी नाहीत. कॅलेंडर पिवळं पडलं म्हणून चित्र मोकळं होत नसतं, मित्रांनो. ‘देव काय कुणाच्या मालकीचा आहे का?’ असं आमच्या विंगमध्ये एकाने विचारलं. देव नाही रे बाबा, पण ते चित्र आहे.

याच्या उलट, कायदा कळल्यावर घाबरून ‘कशालाच हात लावू नका’ म्हणणारेही मला पटत नाहीत. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगासाठी वेगळा दगड घासून छापलेले ते देव घरोघर पोचले, आणि लोकांनी त्यांना कापडाची वस्त्रं, जरी, टिकल्या लावून सजवलं. म्हणजे माझी आत्या नवीन काहीच करत नव्हती! तिने कुणाची परवानगी मागायची? फक्त मटकीच्या बुडाला ‘मूळ चित्र : राजा रविवर्मा’ एवढं लिहावं असं मला वाटतं. कायद्याच्या भीतीने नाही. आपल्या मिनी प्रोजेक्टवर दुसऱ्याचं नाव दिसलं तर आपण किती बोंबलतो!

आत्याला फोन केला. तोवर अकरा भीम चिकटून झाले होते. ती दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग, ‘‘आधी काहून नाही सांगितलं?’’ यावर मी काय बोलणार?

उरलेल्या नऊ मटक्यांवर तिने स्वतःच्या हाताने सारसाची जोडी काढली, आमच्याकडे धानाच्या बांधीत दिसते तशी. पाय जरा जास्तच लांब झालेत. दुकानदार कुरकुरला, पण एकोणतीस मटक्या घेऊन गेला. अकरा भीम घरीच राहिले. त्यांतला एक माझ्या टेबलावर आहे, पेनं ठेवायला.