पोरणें तें पोरणेंच?

"बाब, पोरणें तें पोरणेंच!" हे वाक्य ऐकून आपल्यापैकी किती जण मान खाली घालून दुकानाची पायरी उतरले असतील, देव जाणे. मीही उतरलो. भाच्याने ॲनिमेशनच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेला, नवा संगणक घेण्याची ऐपत नाही. म्हणून एका कार्यालयातून निघालेला जुना डेस्कटॉप घेतला आणि दुकानदाराच्या आग्रहावरून वर चार हजार मोजून 'ग्राफिक कार्ड' बसवून घेतले. पंधरा दिवसांची 'टेस्टिंग गॅरंटी'. बाविसाव्या दिवशी पडद्यावर उभे हिरवे पट्टे आले, मग ठिपके, मग काळोख. दुसऱ्या दिवशी पोराला काम सादर करायचे होते.

वाचकहो, माझे भांडण त्या वाक्याशी आहे. कारण ते खोटे आहे.

ते कार्ड काढले आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या जागेत लावली, तर तोच संगणक मुकाट्याने सुरू झाला. दहा वर्षांचा प्रोसेसर, त्याच्या पोटातच असलेले इंटेलचे ग्राफिक्स, सारे ठणठणीत. म्हातारपण हाच रोग असता तर आधी हे गेले असते. गेली ती दुकानदाराने वरून घातलेली वस्तू.

मी कला शाखेचा पदवीधर, कारकुनी करणारा माणूस. पण चार हजार बुडाले की माणूस वाचायला लागतो. कार्डावरची मुख्य चिप शेकडो बारीक सोल्डरच्या कण्यांवर बसवलेली असते. खेळ चालू असताना ती सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापते, बंद केल्यावर निवते. सिलिकॉन आणि त्याखालची पट्टी सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे रोजच्या या ओढाताणीत कण्यांना तडे जातात. यात गुपित काही नाही. २००८ साली खुद्द एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या आपल्या काही चिपांच्या बांधणीतले साहित्य कमकुवत असल्याचे मान्य करून १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. त्यात आमच्याकडचा पावसाळा. पंख्यात अडकलेली धूळ दमट हवेने अशी थापली जाते की उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही.

इथवर नशीब म्हणून सोडूनही दिले असते. पण दुसऱ्या एका कारागिराने ते कार्ड उलटेपालटे करून चिपभोवतीचा तपकिरी डाग दाखवला. म्हणाला, हे आधी एकदा भाजलेले आहे. हीट गनने! मेलेल्या कार्डाला असा शेक दिला की तडे गेलेले कण तात्पुरते टेकतात, चित्र दिसू लागते. शिसेविरहित सोल्डर वितळायला सुमारे २१७ अंश लागतात. आणि तडा चिपच्या आतल्या कण्यांत असेल तर बाहेरून कितीही भाजा, तो सांधत नाही. कार्ड चालते काही दिवस, काही आठवडे. गॅरंटी पंधराच दिवसांची का, हे मला तेव्हा उमगले.

दुसरी तऱ्हा याहून निर्लज्ज. जीटीएस ४५० सारख्या २०१० च्या कार्डाचा बायोस बदलून ते नव्या नावाने खपवायचे. हा धंदा जगभर एवढा बोकाळला की जीपीयू-झेड नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये २०१८ साली अशी बनावट कार्डे ओळखण्याची सोय करावी लागली. दुकानात उभे राहूनच तो चालवून बघा. नाक मुरडले तर मुरडू दे.

आणि पॉवर सप्लाय? कार्यालयातल्या पातळ डेस्कटॉपचा सप्लाय बहुधा २४०-२५० वॅटचा. स्लॉटमधून कार्डाला मिळतात जास्तीत जास्त ७५ वॅट. त्याहून जास्त मागणारे कार्ड त्यात कोंबणे म्हणजे रिक्षाला बोट बांधण्यासारखे.

दुकानदारांचीही बाजू आहे. नफा थोडा, माल लॉटमध्ये येतो, कुठले कार्ड कसे वापरले गेले हे त्यांनाही ठाऊक नसते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद पडल्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली, ती काय तोंडाने सांगणार? मान्य. मग बिलावर तेवढेच लिहा ना: कार्डाचे मॉडेल, जुने आहे, पूर्वेतिहास माहीत नाही, दुरुस्त केले असल्यास तसे. आमच्या कचेरीत मोडक्या खुर्चीलाही डेडस्टॉक रजिस्टरात एक ओळ मिळते. खरेदीचे साल, किंमत, निकामी ठरवल्याची तारीख. चार हजारांच्या वस्तूला एवढे का मिळू नये?

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक संगणक ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत, म्हणजे असे डेस्कटॉप आता आणखी निघणार आणि कुणाच्या तरी पोराच्या टेबलावर येणार. घ्या, जरूर घ्या. फक्त कार्डाविना घ्या आणि प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' नाही हे बघून घ्या. त्या इंटेल प्रोसेसरांत स्वतःचे ग्राफिक्स नसते.

भाचा आता त्याच संगणकावर बिनकार्डाचे काम करतो. रेंडर लावून जेवायला बसतो, जेवण उरकले तरी ते चालूच असते. परवा त्याच्या मित्रासाठी मी त्याच दुकानात गेलो आणि म्हटले, संगणक द्या, कार्ड नको. दुकानदार हसला. "कार्डाबगर कोण घेता, बाब?"