शिष्यवृत्ती मुलीची, परीक्षा बापाची

गोदावरीचा पूल ओलांडून जुन्या नाशकातून पंचवटीत कॉलेजला जाणाऱ्या मुलींमध्ये आता आपल्याही मुली दिसतात, ही समाधानाची गोष्ट आहे. के. के. वाघ संस्थेचे संकुल पंचवटीत आहे, महात्मा गांधी विद्यामंदिराची व्यवस्थापन संस्थाही तिथेच आहे. बागवानाची, मणियाराची, पिंजाऱ्याची, मोमीनाची मुलगी एम.बी.ए.चा अर्ज भरते, हे आमच्या तरुणपणी कुणाला खरे वाटले नसते. समाजबांधवांनी हा बदल घडू दिला, त्याबद्दल त्यांचे अभिनंदन.

यात सरकारी सवलतीचाही वाटा आहे. महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ रोजी काढलेल्या निर्णयाने, वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झाले. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्हावा लागतो. आपल्या कारागीर बिरादऱ्यांपैकी अनेक इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. ज्यांनी अजून जातीचा दाखला काढलेला नाही, त्यांनी मुलगी बारावीला असतानाच त्या मागे लागावे. ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ करून उपयोग होत नाही.

पण आमचे आजचे म्हणणे दुसऱ्या दाखल्याविषयी आहे. तो म्हणजे उत्पन्नाचा दाखला.

दुकानाची उलाढाल एक, वहीतली दुसरी आणि दाखल्यावरची तिसरी, हा प्रकार आपल्या बाजारात नवा नाही. 'सगळेच करतात' असे म्हणून आपण मनाची समजूत घालतो. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज मुलीच्या नावाचा असतो. माहिती खरी आहे असे लिहून देते ती मुलगी. म्हणजे व्यवस्थापनशास्त्राच्या पहिल्या तासाला बसण्यापूर्वीच, बापाने तिला खोट्या कागदावर सही कशी करायची हे शिकवलेले असते. मग कॉलेजात प्राध्यापकांनी व्यावसायिक नीतिमत्तेवर कितीही व्याख्याने दिली, तरी ती तिच्या मनावर काय ठसणार?

काही व्यापारी विचारतील, ज्याचे उत्पन्न नऊ लाख आहे त्याला तरी दोन वर्षांची फी कुठे झेपते? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर खोटा दाखला नव्हे, कर्ज-ए-हसना हे आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला, तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा होता. शिकून कमावता झालेल्याने पैसे परत करायचे आणि त्यातून पुढच्याला मदत व्हायची. आपल्याकडे तर बिनव्याजी कर्जाची शिकवण घरचीच आहे. एका बाजारातल्या वीस दुकानदारांनी मनावर घेतले, तर दरवर्षी दोन-तीन मुलींची फी सहज उभी राहील, आणि कुणाला खोटे बोलावे लागणार नाही.

ही कोरडी उपदेशाची गोष्ट नाही. नीती नसलेल्या नेतृत्वाची किंमत आपल्या समाजाने रोख मोजली आहे. बंगळुरूच्या आय.एम.ए. या संस्थेचा संस्थापक जून २०१९ मध्ये देश सोडून पळाला आणि जुलैत पकडला गेला. त्याआधी २०१८ साली हैदराबादच्या हीरा समूहाच्या संस्थापिकेला अटक झाली होती. दोन्ही ठिकाणी ठेवी गोळा झाल्या त्या व्याजमुक्त, हलाल नफ्याच्या नावाने. ठेवीदारांत विधवा होत्या, मुलीच्या लग्नासाठी पैसे साठवणारे होते. यातील एका संस्थेच्या प्रमुख स्त्री होत्या, हेही ध्यानात ठेवावे. स्त्री पुढे आली एवढ्याने कारभार स्वच्छ होतो, असा भ्रम आम्ही बाळगत नाही.

महिन्याला तीन टक्के नफा म्हणजे वर्षाला ३६ टक्के. असा नफा दरमहा न चुकता कोणत्या धंद्यात मिळतो, हे आपल्यापैकी कुणीही व्यापारी सांगू शकेल. शिवाय मुदारबतचा नियम असा की नफा ठरलेल्या वाट्याने विभागायचा आणि तोटा आला तर तो भांडवलाने सोसायचा. जिथे ठरावीक नफ्याची हमी मिळते, तिथे हलाल हा शब्द पाटीपुरताच उरतो. ताळेबंद मागून तो वाचू शकणारी एक शिकलेली मुलगी घरात असती आणि तिचे ऐकले गेले असते, तर कित्येक घरे वाचली असती.

पवित्र कुरआनात सूरह कसस मध्ये मदयनचा प्रसंग आहे. तिथल्या वृद्ध गृहस्थाची मुलगी वडिलांना हजरत मूसा (अलै.) यांना कामावर ठेवण्याचा सल्ला देते आणि कारणे दोनच सांगते, सामर्थ्य आणि अमानतदारी. वडील तिचे ऐकतात. मक्केच्या व्यापारी हजरत खदीजा (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर आपला माल सोपवला, तोही त्यांची सचोटी पारखून. कुरआनातील सर्वांत मोठी आयत सूरह बकरहमध्ये आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. यावरून हिशेबाच्या वहीचे स्थान काय आहे, ते वाचकांनी ओळखावे.

तेव्हा व्यापारी बांधवांना आमची विनंती अशी. मुलगी शिकत असतानाच तिला दुकानाची खरी वही दाखवा. कारागिरांची मजुरी, उचल, येणे-देणे तिला लिहू द्या. तिने चूक दाखवली तर 'तुला बाजारातले काय कळते' म्हणून गप्प बसवू नका. जमातीच्या, मदरशाच्या, पतसंस्थेच्या हिशेब तपासणीत अशा मुलींना बसवा.

आणि मुलींना सांगणे एवढेच. तुमची फी ज्या तिजोरीतून भरली गेली, त्यात हमालाचा आणि विणकराचाही पैसा आहे. ती अमानत आहे. उद्या तुम्ही बँकेत, कंपनीत किंवा वडिलांच्या गादीवर बसाल, तेव्हा तुमच्यापुढेही कुणीतरी एक खोटा कागद सरकवील आणि 'सगळेच करतात' असे म्हणेल. त्या वेळी सही न करण्याचे बळ तुमच्यात असावे, यासाठी हे शिक्षण आहे.

ते बळ मुलीत येईल की नाही, हे बापाने तिच्या अर्जासोबत कोणता दाखला जोडला यावर बरेचसे ठरते. प्रवेशाचे दिवस येतील तेव्हा प्रत्येकाने आपला दाखला अल्लाहला स्मरून एकदा वाचून पाहावा.