कपाट आणि नाव

नांदेडला जुन्या पुलापाशी गोदावरीची धोक्याची पातळी ३५४ मीटर आहे. हा आकडा मी वर्षानुवर्षे चहाबरोबर वाचून विसरत आलो. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले, की तो वर्तमानपत्रात येई, इतकेच. २०२५ च्या सप्टेंबरअखेर मात्र तो सांगायला नदी स्वतःच घरात आली. दोन दिवस राहिली आणि जाताना घोटाभर गाळ ठेवून गेली.

सर्वांत मोठे दुःख आईच्या सागवानी कपाटाचे. लग्नात माहेराहून आलेले ते. फुगलेले दार काही केल्या मिटेना. दसरा तोंडावर आलेला. मी कपाट अंगणात, भर उन्हात ओढले आणि सुताराला निरोप धाडला, "रंधा घेऊन ये." आई दारात बसून नुसती बघत होती.

शेजारचे म्हातारबुवा जन्मभर घाटावर नाव चालवलेले. ते फाटकातूनच ओरडले, "गुरुजी, उन्हात कामून ठेवलं? नाव असती तर तडकली असती!"

मग त्यांनी मला नावेचे शास्त्र शिकवले. पाणी शिरलेली नाव काठावर घेतली, की आतला गाळ ओला असतानाच धुवायचा. सुकला की तो फटींत बसून ओल धरतो. बसायच्या फळ्या काढून तळाला वारा द्यायचा, पण सावलीत. उन्हाने वरचे लाकूड आधी आखडते, आतले ओलेच राहते. मग चीर पडणारच. तेल सर्वांत शेवटी, नाहीतर ओल आतच कोंडते.

"आणि रंधा?" मी विचारले.

"फुगलेलं तासलं, तर वाळल्यावर फट पडंल. मग काय भरता तिथं?"

सुताराला परत पाठवले. कपाट धुऊन ओसरीत विटांवर चढले, खण निघाले, पाठ भिंतीपासून सुटी झाली. रोज सकाळी आई आत पालथा हात लावून पाही. गार लागले, की म्हणे, "अजून नाही रे." दसरा गेला, दिवाळी गेली. माझ्या प्लायवूडच्या नव्या दिवाणाचे तोवर पापुद्रे सुटून तो भंगारात गेला होता.

पौषात एका सकाळी कडी बसल्याचा आवाज आला. दार लागले होते! जवसाचे तेल मीच लावले. खालच्या बाजूला पाण्याची काळी रेघ राहिली होती. ती घासायला बसलो, तर आईने हात धरला.

"राहू दे. नदी कुठवर आली होती, ते पोरांना कळू दे."