शिकाऊ कान

रायगडचा किनारा दोन मनोरुग्णालयांच्या मधोमध वसला आहे. उत्तरेला ठाणं, दक्षिणेला रत्नागिरी. दोन्ही इंग्रजी अमदानीतली, आणि आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या त्यांचा उपयोग उपचारापेक्षा धाकासाठीच जास्त झाला. 'याला आता ठाण्याला न्यावं लागणार' हे वाक्य न ऐकलेलं घर किनाऱ्यावर सापडायचं नाही. (आपल्या गावाच्या नावाचा टोमणा व्हावा, याचा राग खरं तर अलिबागकरांना कळायला हवा. 'अलिबागहून आलायस का' या वाक्यावर बंदी आणा, अशी याचिका एका अलिबागकराने मुंबई उच्च न्यायालयात केली होती. २०१९ साली न्यायालयाने ती फेटाळली. विनोद फार मनावर घेऊ नका, असाच एकूण सूर होता.)

पण ठाण्याला न्यावं लागत नाही आणि धड झोपही लागत नाही, अशी माणसं कितीतरी जास्त. बारावीचा निकाल लागल्यापासून खोलीबाहेर न येणारा मुलगा. होडी शाकारलेल्या जून-जुलैत बाटली धरलेला आणि नारळी पौर्णिमेनंतरही ती न सुटलेला बाप. बाळंतपणानंतर गप्प झालेली सून. यांच्यासाठी आपल्याकडे भगत आहे, फॅमिली डॉक्टर आहेत, वाडीतली एखादी शहाणी म्हातारी आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) दिसलं की नैराश्य आणि दारूच्या व्यसनात साधारण ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी मुरूड-श्रीवर्धनचा आकडा याहून बरा निघेल, असं समजण्याचं धाडस आम्ही करणार नाही.

या रिकाम्या जागेत हल्ली एक नवं माणूस येऊन उभं राहतंय, आणि यंदाचं संपादकीय त्याच्याबद्दल आहे. मानसशास्त्रात एम. ए. करणारा, समुपदेशन शिकणारा विद्यार्थी. बहुतेकदा विद्यार्थिनीच. वय बावीस-तेवीस. तिला 'इंटर्नशिप' हवी असते, कारण पुस्तकातलं नैराश्य आणि समोरच्या खुर्चीत बसलेलं नैराश्य यांची तोंडओळखही नसते. ही इंटर्नशिप मिळते मुंबई-ठाण्यात किंवा पुण्यात. बरेचदा बिनपगारी, काही ठिकाणी उलट विद्यार्थ्यालाच फी भरावी लागते. मग पेणची किंवा रोह्याची मुलगी तिकडेच शिकते, तिकडेच रमते, आणि आपल्याकडे येते ती गणपतीला.

समुपदेशकाची पाटी किनाऱ्याला नवी नाही. ग्रामीण रुग्णालयांत ती बहुतेकांनी पहिल्यांदा वाचली ती एचआयव्ही तपासणी केंद्राच्या दारावर. त्यामुळे त्या दारात जाताना कोण बघतंय हे आधी बघायची सवय लागली, ती अजून गेलेली नाही.

आता मुद्द्याचं. शिकाऊ माणसाने लोकांच्या मनाशी खेळ करावा का, हा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे. इंजेक्शनही शिकाऊ हातच देतात, असं त्यावर सहज म्हणता येईल. पण त्या हाताशेजारी सिस्टर उभी असते. समुपदेशनाच्या खोलीचं दार बंद असतं. आत काय बोललं गेलं, मुलीने घाईघाईने सल्ला दिला की काय, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का हे सरळ विचारायला ती बिचकली का, हे बाहेर कुणाला कळत नाही. (असं विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे तिला कुणीतरी शिकवायला लागतं, आणि धीर गोळा होईपर्यंत सोबत राहायला लागतं.) तिला सुपरव्हिजन, म्हणजे कामावर जाणत्या माणसाची देखरेख, आहे का, हाच खरा प्रश्न.

समाजकार्याच्या शिक्षणाला हे फार आधी उमगलं. १९३६ साली मुंबईत सुरू झालेली टाटा समाजविज्ञान संस्था असो, १९५५ची निर्मला निकेतन असो, तिथल्या विद्यार्थ्याला आठवड्यातले ठरावीक दिवस प्रत्यक्ष वस्तीत किंवा दवाखान्यात काम, त्याचं लेखी टिपण आणि मार्गदर्शकासमोर त्याची झडती, हे चुकत नाही. मानसशास्त्राच्या कित्येक एम. ए. अभ्यासक्रमांत मात्र काही आठवड्यांचं प्रमाणपत्र आणलं की काम भागतं. मानसशास्त्राला हे ठाऊक नव्हतं असं नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी मुलाखती तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केल्या आणि १९४२च्या आपल्या पुस्तकात एका माणसाच्या आठ बैठका शब्दन् शब्द छापल्या. बंद दारामागचं संभाषण वर्गात मांडून तपासता येतं, हे त्यामुळे सिद्ध झालं.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपलीच किनारपट्टी धरून खाली गोव्यात 'संगत' ही संस्था १९९६पासून काम करते. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. त्याचे निष्कर्ष २०१०मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले: सरकारी आरोग्य केंद्रांत येणाऱ्या नैराश्याच्या रुग्णांना या समुपदेशकांच्या मदतीने गुण आला. २०१७मध्ये अतिमद्यपान करणाऱ्या पुरुषांवरचे निष्कर्षही आले. आम्हाला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती एक साधी रीत. बैठका रेकॉर्ड करायच्या आणि समुपदेशकांनी एकत्र बसून एकमेकांचं ऐकून गुण द्यायचे. आधी तज्ज्ञ सोबत, मग हळूहळू त्यांचं त्यांनी. म्हणजे प्रत्येक गावात तज्ज्ञ नाही म्हणून सुपरव्हिजन नाही, ही सबब गोव्याने केव्हाच निकालात काढली.

हे आत्ताच का लिहायचं? जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. निर्देश चांगलाच आहे. पण शंभर मुलं असलेल्या शाळा-कॉलेजांची आपल्या जिल्ह्यात रांग आहे आणि माणसं मूठभर. ही फट कशी बुजवली जाईल, याचा अंदाज कुणालाही बांधता येईल: एखादी इंटर्न मुलगी, जिन्याखालची खोली, दारावर पाटी आणि तपासणीच्या दिवशी दाखवायला रजिस्टर. तिच्या चुका मुलं सोसतील, आणि मुलांचं दुःख ती एकटी घरी नेईल. यापेक्षा पद रिकामं परवडलं.

अशा मुलींना नीट शिकवायच्या खर्चाचं म्हणाल तर आपण खर्च करत नाही असं नाही. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं. दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांतली नारळ-सुपारी आडवी झाली. भरपाईच्या पंचनाम्यात झाडं मोजली, कौलं मोजली, होड्या मोजल्या. सुपारीचं रोप फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात. तोवर घरातला कर्ता माणूस रात्री काय करत बसतो, याचा रकाना त्या कागदात नव्हता. पुढे तळियेवर दरड कोसळली, मग इर्शाळवाडीवर. दर वेळी मनाची विचारपूस करणारी माणसं बाहेरून आली आणि बाहेर गेली.

अलिबागला २०२१पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम कागदावर आणि थोडाफार जमिनीवरही आहे. जिल्ह्यात महाविद्यालयं आहेत. या तिघांनी मिळून वर्षाला दहा-बारा विद्यार्थी घ्यावेत. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या रुग्णालयांत त्यांना जोडीने पाठवावं, एकट्याने कधीच नाही. आठवड्यातून एक दिवस अलिबागला सगळ्यांनी बसून झालेल्या कामाची उलटतपासणी करावी. आणि त्यांना महिन्याला विद्यावेतन द्यावं. जिल्हा नियोजन समितीला ही रक्कम एखाद्या सुशोभीकरणाच्या कामाइतकीही जड नाही. समुद्रकिनाऱ्यावर आणखी एक सेल्फी पॉइंट कमी झाला तर पर्यटक रुसणार नाहीत.

राहता राहिला प्रश्न या मुलींनी राहायचं कुठे. अलिबागहून रोज श्रीवर्धन गाठणं एसटीच्या भरवशावर जमणारं नाही. तो प्रश्न समितीवर ढकलू नये. वाडीतल्या ज्या खोल्या आपण शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून मनःशांती शोधत येणाऱ्यांना भाड्याने देतो, त्या सोमवार ते गुरुवार बहुधा रिकाम्याच असतात.