मुलाखतीची शिकवणी : कमाई कोणाची, भुर्दंड कोणाला?

हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे मुळशी तालुक्यात येतात, याची जाणीव तेथील संगणक-उद्योगात राबणाऱ्या पुष्कळांना नसते. ‘जान किंवा जमीन’ म्हणत १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह करणारा तालुका तो हाच. त्याच तालुक्यात आज तरुणांच्या तोंडी वेगळाच प्रश्न आहे : कंपनीत प्रोग्रॅमरची नोकरी करण्यापेक्षा त्या नोकरीच्या मुलाखतीची शिकवणी घेणे अधिक किफायतशीर नाही काय?

हिशेब करून पाहू. दहा वर्षांच्या अनुभवी अभियंत्याला वर्षाला २० लाख रुपये मिळतात असे धरू. म्हणजे महिन्याला सुमारे १ लाख ६६ हजार. शिकवणीचा दर तासाला १,५०० रुपये धरला, तर तेवढ्या प्राप्तीसाठी महिन्याला १११ तास भरले पाहिजेत. विद्यार्थी मिळवण्यात आणि ऐनवेळी रद्द झालेल्या तासांत गेलेला वेळ यात धरलेला नाही. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही. आणि वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू होतो. मोठे नाव झालेल्या काही थोड्यांना हा धंदा फळतो, हे खरे. बाकीच्यांच्या बाबतीत शिकवणी हे बेकारीचेच प्रतिष्ठित नाव असते. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे बारा हजार जणांची कपात जाहीर केली, तिचा रोख मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीवर होता. अशा माणसाजवळ विकण्यासारखे काय उरते? आपण एकेकाळी मुलाखत कशी पार केली, एवढेच!

पण खरा प्रश्न शिक्षकाच्या मिळकतीचा नाहीच. ही फी येते कोठून, हा आहे. ती येते ज्याला अद्याप पगार सुरू व्हायचा आहे त्याच्या खिशातून, म्हणजे बहुधा बापाच्या कर्जातून. मोठ्या सेवा-कंपन्यांत नवख्याला बारा-पंधरा वर्षांपूर्वी वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास मिळत. आजही आकडा साडेतीन लाखांच्या आगेमागेच घोटाळतो. वेतन गोठले, आणि उमेदवारीचा खर्च मात्र मालकाकडून कामगाराकडे सरकला. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत नापास ठरवून घरी पाठवले. शिकवून घेण्याची जबाबदारीही आता अशी सशर्त झाली आहे.

मुंबईच्या गिरण्यांत जॉबर दस्तुरी घेऊन बदली कामगाराला मागावर उभे करी. आजचा शिकवणीवाला जॉबर नव्हे. नोकरी देणे त्याच्या हाती नाही, आणि तो प्रामाणिकपणे शिकवतही असेल. दाराबाहेर पैसे मोजल्याखेरीज आत प्रवेश नाही, ही रीत मात्र तीच. शिवाय शिकवले जाते ते तरी काय? लिंक्ड लिस्ट उलटी करणे, बायनरी ट्री चढणे-उतरणे, तेही पाऊण तासात. नोकरी लागल्यावर हाच तरुण एखाद्या बँकेच्या जुनाट प्रणालीची ठिगळे शिवत बसतो, तेथे या कोड्यांचा क्वचितच संबंध येतो. कोडे जितके कामापासून दूर, तितकी शिकवणीची गरज मोठी.

आपल्यातले काही जुने सहकारी म्हणतात, ही मोटारीतून फिरणारी साहेबमंडळी, त्यांची कसली संघटना! त्यांनी एकदा सकाळी वाकडच्या पुलाखाली तासभर उभे राहावे. मोटारीचे आणि फ्लॅटचे हप्ते डोक्यावर असलेला माणूस राजीनामा मागितला तर मुकाट्याने देतो. गिरणी कामगार तसे करीत नव्हता.

मुलाखत प्रत्यक्ष कामावरच घ्यावी, तिचे निकष लेखी असावेत, नाकारलेल्यास कारण कळावे आणि प्रशिक्षणकाळात पूर्ण वेतन मिळावे, या मागण्या घेऊन ‘नाइट्स’सारख्या संघटनांशी आपण बोलणी सुरू केली पाहिजेत. तोवर मारुंजी-वाकडच्या कार्यकर्त्यांनी शनिवारी संध्याकाळी बेकार प्रोग्रॅमरांचे विनामूल्य सराव-मंडळ चालवावे. एकाने विचारावे, दुसऱ्याने सोडवावे, आणि शेवटची पंधरा मिनिटे नेमणूकपत्रातील अटी मोठ्याने वाचण्यासाठी राखून ठेवावीत.