एकतीस नंबरचा लाल

मला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. हे आमच्या सौ.ना लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं आणि साडीखरेदीतून माझी कायमची सुटका झाली. बँकेतून मात्र नाही.

आमच्या शाखेत नोंदी जुळवणारा प्रोग्रॅम अजून काळ्या पडद्यावर चालतो. जुळलेली नोंद हिरवी, न जुळलेली लाल. शेजारी एक अक्षर नाही! मार्चअखेरीला रात्री नऊ वाजता चारशे नोंदींसमोर बसलो, तर सगळ्या सारख्याच मातकट.

भाच्याला फोन लावला. तो कॉम्प्युटरवाला. म्हणाला, "मामा, आत रंगबिंग काही नसतं. आधी एस्केपचं चिन्ह, ते दिसत नाही. मग चौकोनी कंस, आकडा आणि एम. ३० काळा, ३१ लाल, ३२ हिरवा, असं ३७ पर्यंत. शून्य दिलं की पूर्ववत." ते शून्य द्यायचं राहिलं तर पुढचा सगळा मजकूर लालच राहतो म्हणे, सकाळी बिनसलेल्या साहेबासारखा. शिवाय ३१ म्हणजे नेमका कुठला लाल, हे ज्याच्या त्याच्या पडद्याच्या मर्जीवर.

म्हणजे आत आकडा, बाहेर रंग आणि मधल्यामध्ये मी मेलो!

१९७८ सालच्या व्हीटी-१०० टर्मिनलला रंगच नव्हते. अक्षर ठळक करा, खाली रेघ मारा, लुकलुकवा, नाहीतर उलटं करून पांढऱ्यावर काळं दाखवा. गरिबी होती, पण मला सगळं दिसलं असतं. जुन्या लेजरात ऑडिटरही लाल शाईच वापरायचा, पण तिने फुली मारायचा. फुलीला रंग लागत नाही. तुम्ही रंग द्या हो, हौसेने द्या. पण पुढे 'चूक' ही दोन अक्षरं लिहायला काय पदरचे पैसे पडतात?

शेवटी यादी फाइलीत उतरवून प्रिंट काढली. रंग गेले आणि ओळींपुढे नुसता कचरा उरला: चौकोनी कंस, ३१, एम. चौकोनी कंस, ३२, एम. त्या कचऱ्यानेच मला तारलं. पेन्सिल घेऊन ३१ शोधत गेलो. अकरा सापडले, शेवटचा साडेअकराला.

दुसऱ्या दिवशी वर रीतसर अर्ज केला. महिन्याने उत्तर आलं: 'आपल्या तक्रारीची दखल घेऊन लाल रंग ३१ ऐवजी ९१, म्हणजे अधिक उजळ, करण्यात आला आहे. हिरवाही उजळ केला आहे.'

पेन्सिलीला टोक करून ठेवलंय.